धारेच्या वेळचा आवाज

१७ ऑगस्ट
सोलर प्लांटचा कॅम्प, कच्छ

आबा,

आणि मी मुद्दाम भांडणाच्याच व्हॉइस नोटा पाठवल्या, असं पाटीवर लिहायचं काय कारण? दुसऱ्या होत्याच कुठं? तीन वर्षांत तुम्ही मला व्हॉट्सॲपवर जेवढं बोललासा ते सगळं शिवीनंच सुरू झालंय. 'गाढवा', न्हायतर 'बैला'. त्यातनं मी गोड गोड निवडायचं म्हटलं तर काय निवडू? असतं तर निवडलं असतं.

स्वपीनं तुमच्या पाटीचा फोटो पाठवला म्हणून कळलं. 'माझी बदनामी करायला पोरानं ठरवून केलं.' बदनामी कुणाची, आबा? शिव्या तर मला हायत त्यात.

आता पहिल्यापासनं लिहितो, म्हणजे परत गैरसमज नको. जूनमध्ये तुमच्या घशाचं ऑपरेशन झालं, आवाजाची पेटी काढली. तवा दवाखान्यातल्या बाईंनी स्वपीला सांगितलं, जुना आवाज कुठं रेकॉर्ड केलेला असला तर आणा, आता एआयवर तसाच आवाज करता येतोय. फोनवर टाइप केलं की फोन त्या माणसाच्या आवाजात बोलतोय. घरात शोधाशोध झाली. काकाच्या लग्नाच्या सीडीत तुम्ही तोंड हलवताना दिसतासा, पण वर बँड वाजायलाय. मग स्वपीनं मला फोन केला. "दादा, तुझ्याकडं आबांचं काय हाय का?" माझ्याकडं काय असणार? तुमच्या नोटा. रोज पहाटेची एक. मी एकीला बी उत्तर दिलं न्हाय, पण पुसली बी एक न्हाय. सगळ्या पाठवून दिल्या.

त्यातनं कसला आवाज निघाला ते तुम्ही ऐकलंयसा. स्वपीनं पहिल्यांदा टाइप केलं, 'चहा दे'. आणि फोन असा वरडला म्हणे, की आई गॅसपासनं म्हणाली, "आणते की, घर डोक्यावर घ्यायला काय झालं." आणि मग तिच्या ध्यानात आलं, आणि ती हातातली गाळणी घेऊन तिथंच खाली बसली. हे सांगताना स्वपी हसत होती का रडत होती, मला फोनवर कळलं न्हाय. तुम्ही मात्र फोन उशाखाली कोंबलासा आणि लिहिलंसा, 'माझ्या वतीनं यंत्रानं बोलायचं न्हाय.'

फोन करूनच भांडलो असतो. पण दोनदा केला. मी एकटाच बोलतोय आणि तिकडनं तुमच्या घशातला वारा ऐकू येतोय. मग माझं बी बोलणं आटतंय. आधी तुम्ही बोलायचासा आणि मी गप्प बसायचो. आता उलटं झालंय, आणि मला त्याची सवय न्हाय. म्हणून पत्र.

माझ्या खोलीत निरंजन म्हणून ओडिशाचा इंजिनियर हाय, कॉम्प्युटरवर बसतो. तो म्हणाला, तू नुसतं बोल, एआय पत्र लिहून देईल. बोललो. त्यानं लिहिलं, 'आदरणीय वडील, आपल्या प्रकृतीस लवकर आराम पडो हीच सदिच्छा.' मी म्हणालो, हे वाचून माझा बाप विचारेल, कोण गेलंय? इथं पोरं घरी असंच लिहून पाठवतात. साताऱ्याकडचा एक ड्रायव्हर बायकोला रोज एआयकडनं 'प्रिये' म्हणून चार ओळी पाठवायचा. ती भावाला घेऊन थेट कॅम्पवर आली, ह्यानं इथं दुसरी केलीय का बघायला. म्हणून मी हातानंच लिहायलोय. नववीतनं सुटलेल्या हातानं.

आणि ज्यानं माझं टाळकं फिरलंय ते आता. यंदा पाडव्याला शेवंताला माळावर पळवायला न्यायची न्हाय म्हणे. आणि भाऊबीजेला कागलचा व्यापारी तिला बघायला येणार. का, तर ती तुमचं ऐकत न्हाय. 'हाक न्हाय तर म्हैस कशाला,' असं लिहिलंसा. आबा, पाडव्याला गल्लीतल्या सगळ्यांच्या म्हशी हलगी वाजली की बुजतात. आपली शेवंता नुसत्या तुमच्या हाकेवर गाडीमागं पळत येती. दोरी न्हाय, काठी न्हाय. ती तुम्ही विकणार? मला हाकललंसा ते ठीक हाय. मला कोण व्यापारी घेत न्हाय.

तुमचा,
धैर्यशील

६ सप्टेंबर

आबा,

पाटीचा फोटो मिळाला. 'पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीनं उकरल्यासारखं.' एवढंच. पण मी लई वेळ बघत बसलो. जागा पुरली न्हाय म्हणून शेवटचा 'खं' तुम्ही पाटीच्या लाकडी चौकटीवर लिहिलाय.

परत आलेले पैसे बी मिळाले. घशाच्या भोकावर लावायच्या जाळीसाठी पाठवलते. स्वपी म्हणती, आबांनी समोर बसून परत पाठवायला लावलं. तीन वर्षं हेच चाललंय, मी पाठवायचं आणि तुम्ही परत करायचं. बँकवाल्यांना वाटत असंल, हे दोघं खेळत बसल्यात.

ऑपरेशनला मी का आलो न्हाय, असं आई सारखी विचारती. तिला तुम्हीच सांगा. "त्यो आला तर मी टेबलावरनं उठून जाईन," असं तुम्ही स्वपीला म्हणालासा. तुमच्या तोंडचं माझ्यापर्यंत आलेलं ते शेवटचं वाक्य. मला ठाऊक हाय, तुम्ही खरंच उठला असतासा, सलाईनच्या बाटलीसकट. भूजच्या स्टेशनवर तिकिटाच्या रांगेत उभा होतो, तिथनं परत फिरलो. हे आईला सांगू नका.

निरंजनला तुमचा तो यंत्रातला आवाज ऐकवला. त्याला मराठी येत न्हाय. तो म्हणाला, "ये आदमी चाय भी माँगे तो लगता है मारने आ रहा है." मी म्हणालो, बरोबर हाय, असाच मागतात. तो म्हणाला, तसं न्हाय. एआयला जे खायला घालशील तेच ते बोलणार. तू नुसता राग घातलायस, मग राग येणार. शांत बोललेलं थोडं दे, मी दुसरा आवाज करून बघतो.

मी म्हणालो, "मेरा बाप शांत नहीं बोलता."

तो म्हणाला, "सबका बाप कभी ना कभी बोलता है. ढूँढ."

म्हणून नोटा परत ऐकायला लागलोय. जेवणाच्या सुट्टीत पॅनेलखाली बसतो. इथं झाड न्हाय, पॅनेलचीच सावली. आणि एक लिहितो, तुम्हाला वाटत असंल मी त्या कधी उघडल्याच न्हाईत. रोज ऐकायचो. पण निम्मीच. शिव्या संपल्या, तुम्ही गप्प झालासा, की मी बंद करायचो आणि नट आवळायला जायचो. राग आल्यावर नट लई घट्ट बसतोय. सुपरवायझर म्हणतो, धैर्यशीलच्या रांगेतलं पॅनेल वादळात बी हलत न्हाय. त्यात तुमचा बी हात हाय म्हणायचा.

पण एक माझ्या कधी डोक्यातच आलं न्हाय. नोटा आठ-आठ, दहा-दहा मिनिटांच्या हायत. शिव्या दोन मिनिटांत संपतात.

तुमचा,
धैर्यशील

१४ सप्टेंबर

आबा,

हे पत्र स्वपीला वाचून दाखवायला लावू नका. गोठ्यात नेऊन स्वतः वाचा.

तुम्ही पहाटे धार काढायला बसलासा की नोट सुरू करायचासा, ते कुलपाचं चित्र वर सरकवायचासा आणि फोन गव्हाणीवर ठेवून द्यायचासा. व्हय न्हवं? हात दुधाचे असत्यात. मग बोलणं झालं तरी फोन तसाच चालू. धार संपली, हात धुतले, की मग मला पाठवायचासा. तुम्हाला वाटत असंल, आपण पोराशी बोलायचं थांबलो की फोन बी ऐकायचा थांबतोय. त्यो थांबत न्हाय आबा.

पुढचं मी ऐकलंय.

लिहू का नको, लई विचार केला. लिहितो.

पहिली ऐकली ती मी गेलो त्या वर्षाची. तिच्यातल्या शिव्या मला पाठच हायत. "मोबाईलच्या दुकानात तीन महिनं, चपलांच्या दुकानात दोन, तालमीत तर अंगाला माती लागायच्या आत भायेर. नाव धैर्यशील ठेवलं आणि बूड तव्यावर ठेवल्यागत. तिथनं बी पळून येशील, मला ठाऊक हाय. आलास तर दारात उभा करणार न्हाय." इथं मी नेहमी बंद करायचो. ह्या वेळी केलं न्हाय. बादलीत धार पडायला लागली. आधी खणखण वाजती, मग बादली भरत आली की नुसती फसफस. आणि मग कोणतरी बोललं. मला वाटलं शेजारचं कोणतरी गोठ्यात आलं.

"सरक बाई. सरक जरा. हां." मग थोड्या वेळानं, "आज लई बोललो न्हाय गं त्येला?"

परत धार. मग, "तिकडं ऊन लई असतंय म्हणं, शेवंता. टोपी घालतंय का न्हाय कुणास ठावं. बारकं असताना घालायचं न्हाय. तुझ्या आईच्या पाठीवर बसून उघड्या डोक्यानं हिंडायचं."

निरंजन शेजारीच बसलता. त्यानं विचारलं, "ये दूसरा आदमी कौन है?"

मी म्हणालो, "वही है."

त्याला पटलं न्हाय. त्यानं दोन्ही तुकडे कॉम्प्युटरवर घातले, माणूस एकच हाय का दोन ते बघायला. मशीन म्हणाली एकच. मी त्याला म्हणालो, मशीनला कशाला विचारतोस, बाप माझा हाय. पण खरं लिहू का, मला बी मशीननं सांगितल्यावरच पटलं.

मग रात्री जागून जमतील तेवढ्या नोटांचे शेवट ऐकले. तुम्ही शेवंताला काय काय सांगितलंयसा. दूध संस्थेत फॅट कमी लावली ते. स्वपीला जवळच्याच उचगावचं स्थळ आलं, आईला आवडलं आणि तुम्हाला न्हाय, ते. मी आईला 'जेवलो' म्हणून सांगतो ते खोटं असणार, ते. ते खरंच खोटं होतं. आणि घशात कायतरी टोचतंय, हे. ते बी पहिल्यांदा तिलाच सांगितलंयसा, फेब्रुवारीत. दवाखान्यात गेलासा एप्रिलात. फेब्रुवारीतली ती नोट मी निम्मी ऐकून बंद केलती.

गेल्या दिवाळीतली एक हाय. तिच्यात शिव्या बी कमीच हायत. शेवटाला तुम्ही शेवंताला म्हणतासा, "त्येची आय म्हणती फोन लाव. लावला आणि उचललाच, तर काय बोलू गं मी?" मग लई वेळ नुसती धार.

आबा, तुमचा फोन आला असता तर मी बी हेच म्हणालो असतो. फक्त माझ्याजवळ म्हैस न्हवती.

आणि एक मे महिन्यातली. "तीन वरसं टिकलं की गं एका जागी. मला वाटलं न्हवतं." हे वाक्य मी निरंजनला दिलं न्हाय. दुसरा आवाज बनवायला बाकीचं पुरं झालं. हे माझ्यापाशी ठेवून घेतलंय.

मी ऐकलं म्हणून रागावू नका. पाठवलेलं तुम्हीच हाय.

धैर्यशील

९ ऑक्टोबर

आबा,

पाटीचा फोटो आला न्हाय. स्वपीला विचारलं. ती म्हणाली, पत्र तुम्ही गोठ्यात नेलंसा, लई वेळानं बाहेर आलासा, आणि पाटी खिळ्याला टांगून ठेवलीसा. तवापासनं आईला बी खुणेनंच सांगतासा. मी म्हणालो, "रागावल्यात व्हय?" ती म्हणाली, "काय कळत न्हाय दादा. पण धार काढताना गोठ्याचं दार लावून घेत्यात."

दार लावून घेतासा हे ऐकून मला कसंतरी झालं. मी लिहायलाच नको होतं काय? माणूस आपल्या म्हशीजवळ बोललेलं, ते पोरानं तीन वर्षांचं बसून ऐकलं म्हटल्यावर त्याला उघडं पडल्यागत वाटणारच. माझ्या अंगावर कपडा नसताना कोण आत आलं तर मी बी वरडतो. तुम्हाला वरडता बी येईना. मग पाटी टांगलीसा.

दुसरा आवाज तयार हाय. निरंजननं स्वपीच्या मदतीनं तुमच्या फोनवर घातलाय. दोन बटणं हायत. टाइप करायचं आणि वरचं बटण दाबलं की पहिला आवाज, वरडणारा. खालचं दाबलं की दुसरा. त्यांना नावं द्यायला लागतात म्हणून मी वरच्याचं 'शिव्या' ठेवलं आणि खालच्याचं 'धार'. निरंजनला अर्थ सांगितला तर तो म्हणाला, कोई और नाम नहीं मिला? मी म्हणालो, हीच बरोबर हायत.

यंत्रानं तुमच्या वतीनं बोलायचं न्हाय म्हणतासा. मला बी आधी तसंच वाटलं, म्हणून तर ते 'आदरणीय वडील' पुसून टाकलं. पण त्या पत्रात जे लिहिलतं ते माझं न्हवतंच. ह्या आवाजात जे हाय ते तुमचंच हाय, गव्हाणीवरनं आलेलं. यंत्रानं एवढंच केलं की त्याला शांत आवाज पाहिजे होता, म्हणून मला शेवटपर्यंत ऐकायला लागलं. न्हायतर मी निम्म्यावरच राहिलो असतो. त्याचे आभार मानायचे का निरंजनचे, मला कळत न्हाय. निरंजनला जेवायला घातलं. यंत्र काय जेवत न्हाय.

आणि तुमचे बी मानायचे हायत. हे तोंडावर बोलायला मला जमलं नसतं, पत्रातच जमतंय. पहिल्या उन्हाळ्यात इथं पाण्याचा टँकर दोन दिवस आला न्हवता. पायांना फोड आलते. मी बॅग भरली, मुकादमाला सांगून टाकलं, चाललो घरी. ट्रकमध्ये चढायला निघालो आणि तुमची नोट आली. "पळून येशील, मला ठाऊक हाय." मी ट्रकवाल्याला म्हणालो, तू जा. बॅग परत खाटेखाली ढकलली. तुम्हाला दाखवायचं म्हणून राहिलो. मग राहता राहता हाताला काम यायला लागलं. आता अख्ख्या एका रांगेची जबाबदारी माझ्यावर हाय. हे आईच्या लाडानं झालं नसतं, लाडानं मी त्याच ट्रकमधनं घरी आलो असतो. हे तुमच्या शिव्यांचं हाय.

मला वाटायचं, खरे आबा म्हणजे वरचं बटण. मग दोन-चार दिवस वाटलं, न्हाय, खालचं. आता वाटतंय, शेवंता शहाणी. तिनं दोन्ही ऐकले, कारण माझ्यावर वरडायचासा ते बी तिच्याच कानाशी. म्हणून ती तुमच्याजवळ राहिली आणि मी कच्छला आलो.

दोन्ही नको असतील तर पुसून टाका. मी काय म्हणणार न्हाय. पण शेवंताला विकू नका. तुमचं एवढं सगळं तिला ठाऊक हाय. कागलला कशाला पाठवतासा?

धैर्यशील

२५ ऑक्टोबर

आबा,

स्वपीनं पाडव्याचा व्हिडिओ पाठवला. तुम्हाला ठाऊकच हाय काय झालं, पण मी इथनं काय बघितलं ते लिहितो, कारण तुम्ही गाडीवर पुढं होतासा, मागचं तुम्हाला दिसलं न्हाय.

शेवंता तेलानं चकचकीत. शिंगांना रंग, मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ. तुम्ही जुन्या यामाहावर. गळ्याला पांढरा रुमाल, आणि फोन आईच्या भजनाच्या स्पीकरला जोडून छातीवर बांधलेला. मी निरंजनला म्हणालो, बघ, बांधलाय. तो म्हणाला, कौन सा बटन दबाएगा? मी म्हणालो, मला ठाऊक न्हाय.

तुम्ही खालचं दाबलंसा. "ये शेवंता, ये बाई." एवढ्या माणसांत मला सुद्धा नीट ऐकू आलं न्हाय. शेवंतानं कान हलवले आणि इकडं-तिकडं बघाय लागली. तिला वाटलं असंल धारेची वेळ झाली, बादली कुठं हाय. उभीच राहिली. तेवढ्यात गल्लीतल्या बाळासोचा आवाज आला, "पिराजीमामा, म्हैस पळवायलाय का झोपवायलाय?" माणसं हसली. तुम्ही गाडीवरनं उतरलासा. मला वाटलं, संपलं. आता हे स्पीकर ओढून फेकणार, म्हैस दावणीला, आणि उद्या कागलचा व्यापारी.

तुम्ही तिच्याजवळ गेलासा. कानामागं खाजवलंसा. परत गाडीवर बसलासा, फोनवर बोट आपटलंसा, लई वेळ. माणसं कुजबुजायला लागली. मग वरचं बटण.

"ए शेवंते, बघतीस काय, पाय काय जमिनीला शिवल्यात?"

अख्खा माळ दचकला आबा. जूनपासनं कुणी तुमचा आवाज ऐकला न्हवता. तुमचे दोस्त दादासो काठी टेकून बसलते, ते काठी सोडून उभे राहिले. बाळासोनं तोंडावर हात ठेवला. आणि शेवंता शेपूट वर करून अशी सुटली की गाडीच्या धुरात शिंगं तेवढी दिसत होती. मग व्हिडिओ हलायला लागला, कारण स्वपी बी मागनं पळायला लागली. पुढं नुसती जमीन दिसती, पाय दिसतात, आणि स्वपीचं हसणं ऐकू येतंय.

तो माझ्यावर काढलेला राग हाय आबा. तीन वर्षांचा. माझ्या वाटणीच्या शिव्यांवर म्हैस पळाली.

व्यापाऱ्याचं आईनं सांगितलं. भाऊबीजेला तो आला, तुम्ही त्याला बसवलंसा, खिळ्यावरची पाटी काढलीसा आणि त्याच्यापुढं धरलीसा. 'पावणं, म्हैस विकायची न्हाय. चहा गार व्हतोय.' आई म्हणती, त्यो बिचारा चहा पिऊन, फराळ करून, शेवंताच्या पाया पडून गेला.

आणि कालचं. काल जेवणाच्या सुट्टीत स्वपीच्या नंबरवरनं फोन आला. उचलला तर कोण बोलेना. घशातला वारा. मग काचेवर बोट आपटल्यागत, टक, टक. मी म्हणालो, "आबा?" परत टक, टक. तुम्हाला 'ध' सापडत नसंल असं मला वाटलं. मी थांबलो. एरवी मी कशालाच थांबत न्हाय, तुम्हाला ठाऊक हाय.

मग तुम्ही बोललासा. खालच्या बटणाच्या आवाजात. "धैऱ्या. ऊन लई हाय का रं तिकडं?"

निरंजननं पाण्याची बाटली पुढं केली. असा आवाज कधी माझ्या बी वाटणीला यावा, असं मला तीन वर्षं वाटत होतं. आणि मिळाला तर मला पेलवेना. मी म्हणालो, "आबा, हा शेवंताचा हाय. मला माझा द्या की."

परत टक, टक. लई वेळ. निरंजनचं जेवण होऊन गेलं. माझ्यासाठी एवढा वेळ कोण काय शोधत बसलं नसंल. मग फोन असा गरजला, की निरंजनच्या हातातलं डब्याचं झाकण खाली पडलं.

"गाढवा, रडतोस काय. टोपी घाल."

घातली आबा. आत्ता लिहिताना बी डोक्यावर हाय, आणि मी खोलीत बसलोय.

इथलं काम मार्चमध्ये संपतंय. पुढच्या साईटचं विचारल्यात, मी अजून व्हय म्हणालो न्हाय. दारात उभा करणार न्हाय म्हणालतासा, ते अजून तसंच हाय का बदललं, तेवढं कळवा. पाटीवर न्हाय, बटण दाबून. कुठलं बी दाबा, मला दोन्ही समजतात आता.

आणि पैसे पाठवतोय. तुम्हाला न्हाय, उगं परत करायला बसू नका. पाडव्याला माळावर पळालेल्या म्हशीला इनाम द्यायची आपल्या गल्लीची रीत हाय, आणि ती माझ्या शिव्यांवर पळाली, म्हणजे इनामाचा मान माझा. शिंगांना बांधायचे गोंडे घ्या, न्हायतर पेंड घ्या, तिला काय पाहिजे ते. परत पाठवायचं मनात आलंच, तर आधी तिला विचारा. धारेच्या वेळी विचारा, आणि फोन गव्हाणीवर चालू ठेवा.

तुमचा,
धैऱ्या

शेवंताला इनाम: रुपये पाचशे एक.